माहेर, खाट नंबर चार

"रगत थांबनं, पोट दुखनं थांबनं. बठ्ठं बरं शे," आबा म्हणाले. "पहिलं बायतपन माहेरले व्हस, डॉक्टर. आते पोरले लई जातस."

आबा म्हणजे वैशालीचे सासरे, चोपड्याकडचे. जळगावच्या माझ्या हॉस्पिटलात ती दोन दिवसांपूर्वी आली, तेव्हा एकतीस आठवडे झाले होते, रक्तस्राव होता आणि कळाही सुरू झाल्या होत्या. सोनोग्राफीत प्लासेंटा प्रिव्हिया दिसला. म्हणजे वार खालीच रुजून गर्भाशयाचं तोंड झाकून बसली होती. कळा थांबवायच्या गोळ्या दिल्या. त्यांनी फक्त वेळ मिळतो. त्या वेळात बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली. वार मात्र होती तिथेच होती.

आणि हे लोक तिला गाडीत घालून माहेरी, रावेरला न्यायला निघाले होते.

मी कागदावर चित्र काढलं. रस्त्यात पुन्हा रक्त गेलं तर आई आणि बाळ दोघंही हाती लागणार नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि मुलाला बॅग भरायला सांगितलं.

तेवढ्यात सुमन सिस्टर आल्या. एरंडोलच्या. पेशंट त्यांना अक्का म्हणतात, मला मॅडम.

"आबा, माहेरलेच आठे बलावा," त्या म्हणाल्या. "तिनी माय आठे ऱ्हाई. हाई खाटच तिनं माहेर."

 आबांनी खिशातून मोबाइल काढून विहिणीला फोन लावला.

माझा जळफळाट झाला. वीस वर्षांची प्रॅक्टिस माझी, चित्र माझं, आणि ऐकलं कुणाचं?

दुसऱ्या दिवशी वैशालीची आई डबे घेऊन आली. चार नंबरच्या खाटेवरच लेकीची ओटी भरली. हळदीकुंकू चादरीवर सांडलं. मी चादरीवरून सिस्टरांना बोलले. खरं कारण चादर नव्हतं.

तीन आठवड्यांनी दुपारी वैशालीला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, या वेळी जोरात. रक्ताच्या पिशव्या तयार होत्या. लगेच सिझेरियन केलं. टेबलावर तिनं विचारलं, "अक्का कुठे आहे?" मी मुकाट्यानं सिस्टरांना बोलावलं. मुलगी झाली, दोन किलोची. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग आईकडे गेली. मायलेकी दोघी सुखरूप.

घरी जाताना वैशालीच्या आईनं सिस्टरांना साडी नेसवली. मला पेढे दिले.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" मी सिस्टरांना विचारलं. विचारण्यात कौतुक कमीच होतं.

"माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं, मॅडम. आईला येऊ दिलं नव्हतं."

मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्यापुढे सरकवला.

आता वार खाली असल्याचा रिपोर्ट हातात आला की मी आधी विचारते, माहेर कुठलं? पेशंट उत्तर देतात. बघतात मात्र अजून अक्कांकडेच.