एकोणिसाव्या दिवसाची नोंद

कमठाण्याच्या मल्लेश्वरीला उंदरांची किळस येत नाही, माणसांची कधीमधी येते, आणि ती हे तोंडावर सांगते. कलबुर्गीतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राणीगृहात ती अकरा वर्षं कंत्राटावर आहे. उंदरांना दाणापाणी, पिंजऱ्यांची सफाई आणि वहीत नोंद. शिक्षण सातवी, पण नोंद अशी ठेवते की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं.

तिची आई रुद्रम्मा. तीस वर्षं चुलीच्या धुरात भाकऱ्या थापून फुप्फुसं खलास झाली. शेवटी ओठ निळे, पाय सुजलेले, मोरीपर्यंत जाताना चारदा बसायची. लोक म्हणाले, वय झालं. बावन्न हे काय वय झालं? मल्लेश्वरीचा तो राग अजून गेलेला नाही.

म्हणूनच, हर्षिता ही संशोधन करणारी मुलगी जेव्हा आली, काचेच्या दोन बंद पेट्यांत नायट्रोजन सोडून उंदरांना तीन आठवडे कमी ऑक्सिजनमध्ये ठेवू लागली, तेव्हा मल्लेश्वरीनं तिला खोदून खोदून विचारलं.

"अक्का, पेशीत एक प्रथिन असतं," हर्षिता म्हणाली. "ऑक्सिजन पुरेसा असला की पेशी ते लगेच मोडून टाकते. कमी पडला की ते टिकतं आणि हुकूम सोडतं, रक्तवाहिन्या आवळा, भिंती जाड करा. मग फुप्फुसातला दाब वाढतो, हृदय दमतं. एका पेटीतल्या उंदरांना औषध देतोय. ते हा हुकूम अडवतं का, बघायचं."

मल्लेश्वरीला आईचे पाय आठवले. त्या दिवसापासून ते उंदीर तिचे झाले.

एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी, औषधवाल्या पेटीचा व्हॉल्व्ह बिघडला. आतला ऑक्सिजन दहा टक्क्यांवरून पाचावर आला, उंदीर आडवे पडू लागले. तिनं नायट्रोजन बंद करून झाकण उघडलं. दुरुस्तीला चार तास लागले, तोवर उंदीर साध्या हवेत राहिले. उंदीर वाचले, आणि तिनं वेळेसकट सगळं लिहून ठेवलं.

सोमवारी हर्षिताचे मार्गदर्शक नरहरराव सर आले. "ही ओळ खोडा. चार तासांनी काय होतं? परिषद तोंडावर आलीय." मग हळूच, "तुमचं कंत्राटही याच महिन्यात संपतंय ना?"

हर्षिता खाली मान घालून उभी होती.

मल्लेश्वरीचं डोकं सणकलं. "न्हाई खोडत, सर. हवा लागली की ते प्रथिन पाच-धा मिनिटांत मोडतंय म्हणं. चार तास हुकूमच बंद हुता, आन तुम्ही तीन हप्ते चालू हुता म्हणायलाव. उद्या त्या पेटीत दाब कमी दिसला की औषधाचा गुण म्हणून सांगनार. आन तेच औषध माझ्या मायसारख्या बाईला देनार!"

"तुला काय कळतं यातलं?"

"उंदीर मेल्यालं कळतं, वाचल्यालं कळतं. माय मेल्याली बी कळती."

सरांनी वही ओढली, पेन उघडलं.

"खोडा की," ती म्हणाली. "पण खोडनाऱ्यानं शेजारी सही करायची. नियम तुमचाच हाय."

पेन कागदावर टेकलंच नाही. हर्षितानं मान वर केली. "सर, मी पहिल्यापासून करते. नवे उंदीर घेऊन."

सरांनी पेन खिशात टाकलं. "ठीक आहे. पुढच्या महिन्यापासून यांची गरज नाही."

मल्लेश्वरीनं वही त्यांच्यापुढं सरकवली. "बरं. मला कामून काढलं ते बी हितंच लिवा, सर. सहीसकट."