खाली आलेली खोली

बायकोबरोबर शेवटचं केलं ते एवढंच, पनवेलच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या जिन्यात बसून दम खाल्ला. गुडघ्यांचे व्यायाम दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त स्टाफला.

शेजारी एक बाई टेकली. चपला काढून पाय चोळायला लागली. मी म्हटलं, "दर वर्षी नवीन मजला बांधतात. पण म्हाताऱ्यांना वर कुठल्या शहाण्यानं चढवलं?"

"आधीच्या प्राचार्यांनी," ती म्हणाली. "सोमवारपासून त्यांच्या खुर्चीत मी बसते. म्हणून आज जिना चढून बघतेय."

बायकोनं मला कोपर मारलं. "बोला आता."

बाई हसली नाही. बायकोचा हात धरून तिच्याच चालीनं वर चढली.

त्याच आठवड्यात बायको गेली. तेराव्यानंतर कॉलेजनं तिला दिलेला वॉकर परत द्यायला गेलो, तर व्यायामाची खोली तळमजल्यावर, प्राचार्यांच्या ऑफिसात आलेली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर गेलं होतं.

"मला चढता येतं," दारात भेटलेली ती बाई म्हणाली. मग वॉकरकडे बघून हळू आवाजात, "बाबा, उशीर झाला."

"आमाला झाला. बाकीच्यांना नाय."

तरी म्हातारी माणसं सवयीनं जिनाच चढत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या पायरीशी जाऊन उभा राहिलो आणि येईल त्याला खालची खोली दाखवली.