सर्जनचं पदक

इंग्लंडमधल्या श्रूजबरीजवळच्या म्युझियममध्ये नेपोलियनविरुद्ध लढलेल्या फौजेतल्या एका सर्जनचं चांदीचं पदक काचेमागे ठेवलंय. "आई, हाउ मेनी पीपल डिड ही सेव्ह?" लेकीनं विचारलं.

लहानपणी हेच मी बाबांना विचारलं होतं. तेही लष्करात सर्जन होते. मागच्या ओट्यावर बसून ते पांढऱ्या दंतमंजनानं आपलं पदक घासत होते. पेपरमिंटचा गार वास सुटला होता.

"वाचवल्याबद्दल नाही गं हे. लढाईत हजर होतो, म्हणून सगळ्यांनाच दिलं."

मग नळाखाली ते कितीतरी वेळ कोपरापर्यंत हात धूत राहिले. दंतमंजन काढताहेत, असं मला तेव्हा वाटलं.

लेक उत्तराची वाट बघत होती. मला फक्त हात धुवावेसे वाटले.