एर्लेनरोडाची पाणचक्की

किसन शेजवळ अंबरनाथ पूर्वेला राहतात. केमिकल कंपनीतून रिटायर झाल्यावर घरात बसून ते पार वैतागले होते. मग मुलगी अस्मिता जर्मनीतल्या एर्लेनरोडा नावाच्या खेड्यात, वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली आणि त्यांना अभ्यासाला विषय मिळाला.

गावाची माहिती ते मोबाइलवर भाषांतर करून वाचत. दोन डोंगरांच्या बेचक्यात वस्ती, मधून ओढा. एकदा आगीत सगळं गाव जळालं, उरली फक्त पाणचक्की. टपरीवर कुणी भेटलं की सुरू, "आमच्या एर्लेनरोडाला..."

बायको अंजना म्हणायची, "अहो, तुम्हाला दूध आणायला पाठवलं होतं, जर्मनीला नाही!"

पहिल्याच रविवारी अस्मिताचा व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल. "पप्पा, सगळी दुकानं बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी परत येते."

"रडू नको. चर्चच्या मागून खाली उतर. ओढ्याकाठी पाणचक्की आहे, तिथे पाव भाजतात. माणसं असतीलच."

फोन हातात धरून ती निघाली. "पप्पा, इथे तर कोबी लावलाय!"

कोबीतून एक म्हातारी उभी राहिली. अस्मिताने मोडक्या जर्मनमध्ये पाणचक्की विचारली, तर ती पोट धरून हसायला लागली. चक्की पाडून कितीतरी वर्षं झाली होती. ही हेल्गा, शेवटच्या चक्कीवाल्याची मुलगी.

"माझंच चुकलं गं, जुनी माहिती वाचली," किसन ओशाळले. पण हेल्गा अस्मिताला घरात घेऊन गेली, केक खाऊ घातला, चक्कीचे फोटो दाखवले. मग दर रविवारी तेच. परत येण्याची भाषा बंद झाली.

एकदा हेल्गाने फोनवर विचारलं, अस्मिताने मराठीत सांगितलं, "पप्पा, आपली नदी कुठून येते म्हणतेय."

"वालधुनी?" किसन गडबडले. कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी झालेली नदी; जन्मभर नाक दाबून तिचा पूल ओलांडलेला. "सांग तिला, बघून येतो."

पुढच्या रविवारी किसन आणि अंजना रिक्षाने डोंगराजवळच्या काकोळे गावाला गेले. तिथे शेतात काम करणाऱ्या बनूबाई नावाच्या बाईंनी डोंगराकडे बोट केलं, "त्या तिकडून येते."

थोडं चढल्यावर दगडांमधून पाणी खळखळत होतं. तळातली वाळू दिसत होती. अंजनाने चपला काढून पाय बुडवले. "ही आपली वालधुनी?"

"हीच."

किसननी हेल्गाला दाखवायला फोन काढला, तर रेंज नाही. मग त्यांनीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.