सांबशिवरावांची चांगली वेळ

सांबशिवरावांना एजंट म्हटलेलं खपायचं नाही. एजंट गल्लोगल्ली मिळतात म्हणे! शहाण्णव साल, देशाची दारं जगाला उघडलेली, मग यांनी कार्डावर छापून घेतलं: ‘इन्शुरन्स ब्रोकर’. काम काय, तर लोकांचे फॉर्म भरायचे आणि चेक विमा कंपनीच्या खिडकीत नेऊन द्यायचे. तेवढंही धड नाही. कपाळावर ठसठशीत गंध, काखेत रेक्झिनची बॅग आणि बॅगेत कायम पंचांग.

जयलक्ष्मीला हा माणूस पहिल्यापासून नको होता. तंजावूरच्या कोर्टासमोर तिचं झेरॉक्सचं दुकान. नवरा गेल्यावर बांगड्या मोडून तिने दोन जुनी मशीनं घेतली होती. त्यांच्यावर घर चालायचं आणि मुलीचं, कीर्तनाचं, कॉलेजही. वायरिंग जुनाट, म्हणून तिला आगीचा विमा हवा होता. शेजारचा एजंट वैद्यनाथ फॉर्म घेऊन दारात उभा होता, पण सासरे सीतारामराव अडून बसले.

“तो तमिळ. सांबशिव आपला माणूस, मराठी बोलतो.”

“मामंजी, आग काय भाषा विचारून लागते?”

पण आपला तो बाब्या! पिढ्यान्पिढ्या तंजावूरात राहिलेलं घर, एकालाही मराठीचं अक्षर वाचता येत नाही, आणि पुळका केवढा! जयलक्ष्मीने वैद्यनाथला परत पाठवलं. त्या परत पाठवण्याचा तिला पुढे जन्मभर संताप आला.

मंगळवारी अडीच वाजता तिने सांबशिवरावांना चेक दिला. “मामा, आत्ताच भरा. साडेतीनला खिडकी बंद होते.”

ऑफिस दहा मिनिटांवर. पण मामांना आधी कॉफी हवी, मग दुसरी. तीन वाजले तसे ते पाय पसरून बसले. “आता राहुकाळ लागला, अम्मा. साडेचारपर्यंत शुभकार्य नको. उद्या अष्टमी, परवा नवमी. शुक्रवारी राहुकाळ संपला की भरतो.”

“मग चेक परत द्या, मी भरते.”

“बायकांना तिथे कोण विचारतं?” म्हणत स्वारी बॅग उचलून चालती झाली. बुधवारी ती त्यांच्या घरी गेली, तर हे पापनाशमला श्राद्धाचं जेवायला गेलेले, बॅगेसकट! श्राद्धाच्या वड्यांना अष्टमी आड आली नाही. आणि तिच्या खात्यात दुसऱ्या चेकपुरते पैसे नव्हते.

गुरुवारी दुपारी वायरीतून ठिणगी उडाली. लोकांनी बादल्या ओतल्या, तरी दोन्ही मशीनांचे सांगाडे उरले. विमा कंपनीच्या साहेबाने दोन वाक्यांत सांगितलं: हप्ता पोचला नाही, तर विमा नाही.

शुक्रवारी सव्वाबाराला, राहुकाळ टाळून, मामा घरी हजर, आल्याआल्या कॉफी मागून. चेहऱ्यावर दुःख नाही, उलट परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद.

“बघितलंस? नवमीलाच लागली! मी सांगत नव्हतो दिवस वाईट म्हणून? आणि हा तुझा चेक, जसाच्या तसा. दुसरा कोणी असता तर हेही पैसे बुडाले असते.”

जयलक्ष्मीने चेक घेतला. या माणसावर ओरडायचीसुद्धा तिला किळस आली. तिने फक्त सासऱ्यांकडे बघितलं.

सीतारामराव काठी टेकत उठले. आयुष्यभर आपल्या माणसाशी मराठीतच बोलणारे सीतारामराव दाराकडे बोट दाखवून तमिळमध्ये म्हणाले, “वेळिये पोडा!”

मामा चालते झाले. कॉफीचा पेला अर्धा तसाच राहिला, आणि कीर्तनाने त्या महिन्यात कॉलेज सोडलं.