एवढा थंडा कुणासाठी

आमच्या घोडपदेवच्या घरात थंडा घरच्यांसाठी नसतोच. तो पाहुण्यांचा. कुणी आलं की आई बाटली उघडते, पेले भरते आणि पाहुण्यांनी "तुम्हाला?" असं विचारलं की "आम्ही आत्ताच घेतला" असं इतकं बेमालूम खोटं बोलते, की मलाही क्षणभर पटतं. मी चाळिशीला टेकलोय, पगारही बरा आहे, तरी एकट्याने फ्रिजमधली बाटली उघडायला अजून हात धजत नाही.

धाकटी बहीण गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने दोन वर्षांसाठी मेक्सिकोला गेली. एकटीच. तिथलं जेवण, हवा, भाषा, कशाचीच आईला काळजी नव्हती. तिला एकच घोर लागला होता: परक्या देशात पोरीच्या घरी कुणी येणार-जाणार का?

दर रविवारी आमची संध्याकाळ आणि बहिणीची सकाळ गाठून आम्ही व्हिडिओ कॉल करतो. एकदा बोलता बोलता तिने फ्रिज उघडला आणि मी स्क्रीनजवळ सरकलो. दारात बाटल्यांची ओळ, खाली तीन-तीन लिटरच्या आणखी. बहीण सांगायला लागली. इकडे थंडा रोजच्या जेवणाबरोबर लागतो, आपल्याला ताक लागतं तसा. बांधकामावरची माणसं जेवायला बसली की मधोमध मोठी बाटली असते. घरातला संपला तर मीठ संपल्यासारखी धावपळ होते. हे सांगता सांगता तिने सकाळी साडेआठ वाजता अंड्याबरोबर पेला काठोकाठ भरला आणि अर्धा रिकामाही केला. मी थक्क होऊन बघत होतो. माणसाची तहान सगळीकडे सारखीच असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बाटलीवरचं नाव तेच, आतला रंगही तोच, आणि एवढ्या प्रवासात आमच्या सणाच्या पेयाचं त्यांचं रोजचं पाणी झालं होतं.

आईने यातलं काही ऐकलंच नव्हतं. तिने फक्त बाटल्या पाहिल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा एवढा खुलला. आठवडाभर ती चाळीत सांगत होती की माझ्या मुलीकडे माणसांची रीघ असते, थंडा ठेवायला फ्रिज पुरत नाही. खरं काय ते मला कळलं होतं, पण सांगायला तोंड उघडेना.

पुढच्या रविवारी आईने मोठ्या कौतुकाने विचारलं, या आठवड्यात कोण कोण येऊन गेलं. बहीण आधी हसली. मग हसायची थांबली.

"आई, तो सगळा मीच पिते गं. माझ्याकडे कुणी येत नाही."

मला वाटलं, आई आता रडेल, नाहीतर साखरेवरून झापेल. शेजारच्या भायखळ्याला जायचं तरी सोबत शोधणारी ही बाई. मनातलं बोलायचं झालं की ती मालवणीत शिरते.

"मगे मी येतंय," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, पासपोर्टला काय काय लागतं. मी आठवून सांगेपर्यंत तिने कपाटातून रेशनकार्ड काढलं होतं.