आहेरातल्या वाटीची बत्ती

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड न्हाई. पण राणीसावरगावात पाण्याच्या मोटारी भरायला माझ्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढून टाकायची आणि नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, ह्याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. शिकलेल्यांनी हात टेकलेल्या मोटारी मी चालू करून दिल्यात. हे मी तेव्हाही तोंडावर सांगायचो, आजही सांगतो.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आधीची दोन-तीन सालं असतील. माझी थोरली लेक बारावी झाली आणि पोलीस भरतीचा अर्ज घेऊन आली. उंची बसत होती. वयही त्याच साली पुरं झालं होतं. तिची आई म्हणाली, "ह्या खेपेला झालं तर झालं. न्हाई तर वैशाखात लगीन. मंग रडत बसायचं न्हाई." लेक "बरं" म्हणाली.

भरतीत पळण्यावर सगळा भरवसा. दिवसा तिला शेतातली कामं, आणि रस्त्यानं पोरगी पळायली की पारावरची माणसं विचारायची, "का गं, कुत्रं लागलंय का मागं?" म्हणून ती पहाटे निघायची. गंगाखेडचा रस्ता चढ-उताराचा, डांबर उखडून खडी वर आलेली. अंधारात पाय कुठं पडंल त्याचा नेम न्हाई.

आधी मी सायकलवर तिच्या मागं जायला लागलो. पण डायनामोचा उजेड चाकाच्या जोरावर. चढाला ती हळू झाली की मी हळू, आणि उजेड बिडीच्या टोकाएवढा. उताराला उजेड झकास, पण तो तिच्या पाठीवर. चार दिवसांनी ती म्हणाली, "दादा, तुमी मागं नसलेलं बरं. मी माझ्याच सावलीत पाय टाकायलेय."

मला ते लागलं. म्हटलं, हिला अशी बत्ती करून देतो की गंगाखेडातून दिसंल.

मांडणीवरून स्टीलची वाटी उचलली. आमच्या लग्नात आहेरात आलेली, आतून आरशासारखी. तिच्या बुडाला भोक पाडलं, मागून टॉर्चचा बल्ब घातला. बल्ब केसभर पुढं, केसभर मागं करत बसलो, आणि एका जागी समोरच्या लिंबाच्या बुंध्यावर परातीएवढा पांढरा गोळा पडला. चार सेलचा बल्ब, त्याला मी पाच सेल जोडले. बल्ब लवकर जायचे, पण जळायचे तोवर डोळा ठरू देत नव्हते. सेल सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये एकामागं एक भरले आणि ट्यूब कमरेला बांधायची केली.

मागून येणाऱ्या उसाच्या ट्रकला ती दिसावी म्हणून पाठीवर लाल दिवा पाहिजे होता. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं तुरीच्या दाण्याएवढा नवाच दिवा आला होता, एलईडी म्हणतात तो. पहिला मी सरळ सेलला जोडला, तो डोळा मिचकावून मेला. दुसऱ्याला मधी वीज आवरणारा रोधक घातला, तो जगला. आज घराघरात त्याच जातीचा उजेड हाय. आमच्या गावात तो पहिला माझ्या लेकीच्या पाठीवर लागला.

मोठी बत्ती कुठं बसवायची, ह्याचा मी विचारसुद्धा केला न्हाई. बाईमाणूस ओझं कुठं वाहतं? डोक्यावर. घागरीखाली ठेवतात तशी कापडाची चुंबळ घेतली, तिच्यावर वाटी शिवली आणि नाडीनं हनुवटीखाली बांधायची सोय केली. दुकानावर येईल त्याला लावून दाखवली. बायको तेवढी म्हणाली, "माझ्या वाटीला भोक पाडलं आन वर मिरवायलेत."

तिसऱ्या पहाटे लेक लंगडत आली. घोटा सुजून वांग्यासारखा झालेला.

"खड्डा दिसलाच न्हाई दादा."

"एवढी बत्ती असून? उजेड कमी पडला?"

"उजेड लय हाय. पण सगळं सपाट दिसायलंय. दगड हाय का खड्डा हाय, कळंना. आन किडे सगळे तोंडावर."

"पळता येईना आन बत्तीला नाव ठेवायलीस!" मी ओरडलो. आई घोट्याला हळद लावत होती. ती म्हणाली, "झालं पळणं. पाय मोडून घेतला तर नोकरीबी न्हाई आन सोयरीकबी न्हाई."

मी हट्टाला पेटलो. अजून दोन सेल चढवले. बल्ब फटकन उडाला, नवा घालून परत पाच सेलांवर आलो.

त्याच संध्याकाळी लाइट गेली होती. बायको कंदील घेऊन गोठ्याकडं निघाली, लेक पाय लांब करून ओट्यावर बसलेली. तिनं विचारलं, "आई, कंदील एवढा खाली का गं धरतीस?"

"मंग काय डोक्यावर घेऊ? गुडघ्याशी धरला की काटा दिसतो, इच्चू दिसतो. खड्याखड्याची सावली पडती."

लेकीनं बत्ती मागवून घेतली, चुंबळीची शिवण दातानं तोडली आणि वाटी ओढणीनं कमरेला बांधली. लंगडत अंगणात उतरली. "दादा, आता बघा." मी बघितलं. हरभऱ्याएवढ्या खड्याची सावली बोटाएवढी झालेली. कोंबड्यांनी उकरलेली जागा विहिरीसारखी काळी. उजेड डोळ्याच्या वर असला की सावली वस्तूच्या मागं दडते, खाली असला की बाहेर येते. जन्मभर दिव्यातारांत गेलेल्या माणसाला हे सुचलं न्हाई, आणि माझ्या घरातल्या दोन बायकांनी कंदिलावरून काढलं.

"कमरेला ती हलंल," मी म्हणालो.

"हातानं धरीन."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो न्हाई. पण तिसऱ्या दिवशी वाटीला मागून पत्र्याची पट्टी मारली, कमरेवर ती सपाट बसावी म्हणून. वाटी तिच्याजवळ ठेवली आणि दुकानात निघून गेलो.

दहा-बारा दिवसांनी पाय बरा झाला. आई काही बोलायच्या आत ती उंबऱ्याबाहेर. मी चढाच्या टोकाला उभा राहायचो. खालून पांढरा उजेड डुलत वर यायचा, जवळ आला की तिचा श्वास ऐकू यायचा, सरळ, न तुटलेला. ती थांबायची न्हाई, माझ्याकडं बघायची न्हाई. मग लाल दाणा उताराला लहान लहान होत जायचा. दिसेनासा होईपर्यंत मी जागचा हलत नसे.

भरतीचं पळणं परभणीला, भर उन्हात. इतर पोरी दोन्ही हात हलवत पळायल्या, माझी लेक डावा हात कमरेला दाबून. शेजारचा एक जण म्हणाला, "हिच्या पोटात दुखायलंय जणू." मला ठाऊक होतं ती काय धरून पळायली. शेवटच्या फेरीत तिनं एकीला मागं टाकलं, मग दुसरीला, मग मोजायचं माझं भान गेलं.

नाव यादीत लागलं तेव्हा साहेबानं तिला विचारलं, "सराव कुठं केला?"

"रस्त्यावर, साहेब. आमच्या दादांनी बत्ती करून दिली होती."

साहेबानं माझ्याकडं बघून मान हलवली. मी छाती काढून उभा होतो. बत्ती कमरेला बांधायची अक्कल हिची, आणि खाली कंदील धरणाऱ्या हिच्या आईची, एवढं बोलायला पाहिजे होतं. जीभ उचलली न्हाई. शिक्षण कमी म्हणून न्हाई, बोलण्यात मी कुणाला हार जात न्हाई.

ते तिथं राहिलं, म्हणून इथं लिहिलं. भोकाची वाटी अजून मांडणीवर हाय.